आधी पत्र, मग पैसे

लेकरू सीपीएल घेऊन घरी आलं तेव्हा तुम्ही कुंथलगिरीचे पेढे वाटले. चौकात बॅनर लागलं, शाळेनं बोलावून सत्कार केला, पाव्हण्या-रावळ्यांत 'आमचा पायलट' म्हणून नाव झालं. त्याला आता बरेच महिने झाले. पोरगं भरदुपारी घरात असतं, मोबाइलवर भरतीच्या जाहिराती चाळत असतं आणि पारावर कुणीतरी तुम्हाला विचारतंच, "साहेब अजून जॉइन नाही झाले का?" मग एक दिवस तो विषय निघतो. "बाबा, टाइप रेटिंग केलं तर लगेच लागेल. वीसेक लाख लागतील."

त्या घरातल्या आई-वडिलांशी मला बोलायचं आहे. मी विमानातला माणूस नाही. नोकरी सगळी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. पण या टेबलावर बसलं की लोकांची स्वप्नं फाइलमध्ये बांधून समोर येतात आणि पायलट होऊ घातलेल्या मुलांच्या फाइलीही आल्या. त्या नीट कळाव्यात म्हणून जे वाचलं, विचारलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात याबद्दल विचारायला माणूस सापडत नाही, ही पहिली अडचण. बारावीनंतर इंजिनिअरिंग की फार्मसी, हे सांगणारे गल्लीत दहा जण भेटतात. टाइप रेटिंगचं कोण सांगणार? धाराशिवला धावपट्टी आहे. 2009 मध्ये ती लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळच्या धावपट्ट्यांबरोबर रिलायन्सच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिली गेली, पण धाराशिवहून नियमित प्रवासी विमान काही सुरू झालं नाही. त्यामुळे बाप ज्या धंद्यात पैसे घालायला निघालाय, तो त्यानं जवळून पाहिलेलाच नाही. माहिती मिळते ती मुलाकडून, मुलाला मिळते ती त्याच्याच बॅचच्या पोरांकडून, आणि त्या पोरांना मिळते ती रेटिंग विकणाऱ्यांकडून. ही साखळी एकदा डोळ्यांसमोर आणा.

रेटिंग म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. सीपीएल हा पगार घेऊन विमान चालवण्याचा परवाना. दोनशे तासांचं उड्डाण, डीजीसीए या सरकारी विमान-नियामकाचे पेपर आणि क्लास वन मेडिकल झालं की तो मिळतो. पण ते तास असतात छोट्या, दोन-चार आसनांच्या विमानांवरचे. प्रवासी विमान चालवायचं तर त्या प्रकारच्या विमानाचं स्वतंत्र शिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते आणि परवान्यावर तशी नोंद व्हावी लागते. हेच टाइप रेटिंग.

यातला 'टाइप' हा शब्द बापानं घट्ट धरून ठेवावा. जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला फ्लाय नाइन्टीवनचं विमान जातं, ते एटीआर 72, पंख्यांचं. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरकडे एम्ब्रेअर आहेत. इंडिगोचा कारभार मुख्यतः एअरबस ए320 च्या कुळावर, जोडीला एटीआर. अकासाकडे फक्त बोइंग 737 मॅक्स. एअर इंडिया एक्सप्रेसकडे बोइंगही आहेत आणि एअरबसही. प्रत्येकाचं रेटिंग वेगळं. मुलानं वीस लाख भरून 737 शिकून घेतलं, तर देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं, इंडिगोचं, दार त्या कागदानं उघडत नाही. ए320 शिकला तर अकासा त्याच्या कामाची नाही. पैसे भरतानाच तुम्ही अर्ध्या कंपन्या खोडून टाकत असता आणि ते कुणी मोठ्यानं सांगत नाही.

शिक्षण बहुतेक सगळं सिम्युलेटरवर, म्हणजे कॉकपिटची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावर होतं. गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बेंगळुरू इथं केंद्रं आहेत. पहिले काही आठवडे वर्गात आणि संगणकावर विमानाच्या यंत्रणा शिकवतात. हायड्रॉलिक, वीज, इंधन, ऑटोपायलट असं सगळं. मग दोघा-दोघांच्या जोडीनं हलत्या सिम्युलेटरवर सत्रं होतात. टेकऑफच्या वेगात इंजिन गेलं, केबिनमधला हवेचा दाब गेला, उतरता उतरता पुन्हा वर जायची वेळ आली, असे प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतात. शेवटी तपासनिसासमोर परीक्षा. दोन-तीन महिन्यांत हे आटोपतं. खर्च केंद्र, देश आणि विमान पाहून पंधरा लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत सांगतात. परगावी राहण्याजेवणाचा खर्च वेगळा आणि जीएसटी आकड्यात धरलाय की नाही, तेही विचारावं लागतं.

सिम्युलेटरची परीक्षा झाली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. नवख्या पायलटला खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग करून दाखवावं लागतं. त्यासाठी रिकामं जेट विमान लागतं आणि ते असतं कंपनीकडे. कंपनीचं निवडीचं पत्र असेल तर ती सोय तिच्याकडून होते. स्वतःच्या पैशानं गेलेल्या मुलाची ती सोय कुठं होणार, कोण करणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हे फीच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. ही नोंद परवान्यावर चढेपर्यंत हातातला कागद अर्धाच असतो.

खरा फरक इथं आहे, आणि सगळ्या बोलण्यात मला तोच तुमच्या मनावर ठसवायचा आहे. रेटिंग दोन प्रकारे होतं. एका प्रकारात कंपनी आधी मुलाची परीक्षा घेते, मुलाखत घेते, निवड करते, पत्र देते आणि मग सांगते की अमुक विमानाचं रेटिंग अमुक केंद्रात कर, खर्च तुझा. दुसऱ्या प्रकारात कुणीच काही सांगितलेलं नसतं. मूल रेटिंग करतं आणि मग कंपन्यांच्या दारात उभं राहतं. दोन्हीकडे पैसे तुमचेच जातात, म्हणून वरवर दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्या प्रकारात तुम्ही ठरलेल्या नोकरीचा खर्च देता. दुसऱ्यात तुम्ही पैज लावता. मूल मात्र दोन्हींना एकाच नावानं बोलावतं, 'रेटिंग'.

पैज कशी लागते, ते तारखांवरून बघा. 2019 च्या जानेवारीत एखाद्या बापानं मुलाच्या 737 च्या रेटिंगचे पैसे भरले, असं धरू. त्या दिवशी तो निर्णय कुणाला वेडेपणाचा वाटला नसता. जेट एअरवेजचा मोठा ताफा 737 चा होता, स्पाइसजेट नवी मॅक्स विमानं घेत होती. 10 मार्चला इथिओपियात एक मॅक्स कोसळलं. 13 मार्चला डीजीसीएनं भारतातली सगळी मॅक्स जमिनीवर बसवली आणि ती बंदी उठायला ऑगस्ट 2021 उजाडलं. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज बंद पडली. हजारो तासांचा अनुभव असलेले तिचे पायलट त्याच दारांत येऊन उभे राहिले, जिथं आपला शून्य तासांचा रेटिंगवाला उभा होता. कंपनी कुणाला आधी आत घेणार? आणि हे निस्तरतंय तोवर 25 मार्च 2020 पासून कोविडमुळे देशातली प्रवासी विमानंच दोन महिने बंद झाली. त्या बापाचं काय चुकलं होतं? त्यानं बातम्या वाचल्या होत्या, चौकशी केली होती. एवढंच, की निकाल लागण्याआधी पूर्ण रक्कम भरून टाकली होती.

एअरबसवाले सुखात राहिले, असंही नाही. किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरात थांबली. गो फर्स्ट 3 मे 2023 ला थांबली, ती पुन्हा उडाली नाही. तिचा सगळा ताफा ए320 चा. त्या दिवसापासून अनुभवी ए320 पायलटांचा लोंढा बाजारात आला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला नुसता घाबरवतोय असं होईल. कोविड सरल्यावर विमानं भराभर वाढली, तेव्हा ज्यांच्या हातात रेटिंग तयार होतं त्या काही मुलांना आधी बोलावणं आलं. त्यांच्या आई-बापांना आज विचाराल तर ते म्हणतील, बरं झालं केलं ते. ते खोटं बोलत नाहीत. पण जिंकलेला माणूस गावभर सांगत फिरतो आणि हरलेला दार लावून बसतो. म्हणून गावात पोचतात त्या जिंकलेल्यांच्याच गोष्टी.

'देशात पायलटांचा तुटवडा आहे' ही बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार पायलट लागतील, असं केंद्रीय मंत्री सांगतात. इंडिगोनं जून 2023 मध्ये 500 विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी 470 विमानांची. पायलटांच्या ड्यूटी-विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर 2025 च्या डिसेंबरात इंडिगोला हजारो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या, कारण माणसं कमी पडली. हे वाचून बापाच्या मनात येतं, अरे, मग आपल्या पोराला का नाही घेत?

उत्तर असं, की खरी चणचण आहे ती कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान 1,500 तासांचं उड्डाण. दोनशे तासांच्या ताज्या सीपीएलवाल्यांची मात्र चणचण नाही. एकट्या 2023 सालात डीजीसीएनं 1,622 सीपीएल दिले. शिवाय नवीन मूल कंपनीत आलं तरी पहिले काही महिने ते शिकवणाऱ्या कॅप्टनच्या शेजारी बसूनच उडू शकतं. असे शिकवणारे कॅप्टन मोजके, म्हणून कंपन्या मुलं तुकड्या-तुकड्यांनी घेतात. एक तुकडी घेतली की काही महिने दार बंद. तुमच्या मुलाकडं रेटिंग आहे म्हणून ते दार वेळेआधी उघडत नाही. ऑर्डर दिलेली विमानंही एका दिवाळीत येत नाहीत, दहा-दहा वर्षं येत राहतात.

रेटिंग असलं तरी कंपनीची लेखी परीक्षा, मानसचाचणी, मुलाखत, सिम्युलेटरवरची तपासणी हे सगळं पुन्हा आहेच. रेटिंगमुळे यातलं काही माफ होत नाही. आपलं मूल यात नेमकं कुठं अडकतंय, ते आधी बघा. अर्ज करूनही बोलावणंच येत नाही, की बोलावणं येतं आणि परीक्षेत राहतं? परीक्षेत राहत असेल तर वीस लाखांचं औषध त्या दुखण्यावर नाहीच. गणित-फिजिक्सची उजळणी, इंग्रजी बोलण्याचा सराव आणि चाचण्यांची तयारी हे फार स्वस्तात होतं. मुलगा हे तुम्हाला आपणहून सांगणार नाही. प्रेमानं विचारावं लागेल, आणि उत्तर ऐकून रागवायचं नाही एवढं आधी स्वतःशी ठरवावं लागेल.

आता माझ्या टेबलावरचं बोलतो. साडेसात लाखांच्या वरचं शैक्षणिक कर्ज म्हटलं की बँक सहसा तारण मागते. आपल्याकडं तारण म्हणजे काय, तर शेती. पण कर्जवसुलीचा जो सरफेसी कायदा बँकेला जोर देतो, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून बँकेला हवा असतो एनए प्लॉट, पक्कं घर, मुदतठेव, विम्याची पॉलिसी. दहा एकरांचा मालक बँकेतून मान खाली घालून बाहेर येतो तो इथं. त्यातून सीपीएलच्या वेळी पन्नासेक लाख आधीच लागून गेलेले असतात, घर किंवा प्लॉट तेव्हाच अडकलेला असतो. मग दोन वाटा उरतात. वावर विकणं नाहीतर खासगीत पैसे उचलणं. त्यातल्या एकीची तरी चर्चा तुमच्या घरी झालीच असेल.

समजा बँकेनं दिलेच. वीस लाख, बारा टक्के, सात वर्षं. हप्ता येतो महिना 35,300 रुपयांच्या आसपास आणि सात वर्षांत परत जातात साडेएकोणतीस लाखांच्या वर. हे सोयाबीनमध्ये मांडू, कारण आपल्याला पैशाचा अंदाज तिथंच येतो. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. वर्षाच्या हप्त्यांना ऐंशी क्विंटल लागतात. कोरडवाहूत एकरी सात-आठ क्विंटल धरले, तर दहा-अकरा एकरांचं सगळं पीक, बी-खत-मजुरी न वजा करता, एका कागदाच्या हप्त्यात जातं. बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पाण्यानं उभ्या पिकाचं जे केलं, ते वर्ष हप्त्याच्या तक्त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

मुलगा म्हणेल, हप्ता मी भरीन, पायलटचा पगार लाखाच्या वर असतो. खरं आहे, लागल्यावर असतो. त्यातही प्रशिक्षणाच्या काळात बराच कमी मिळतो. लागण्याआधीच्या महिन्यांत वीस लाखांवरचं नुसतं व्याजच महिना वीस हजार होतं. थांबायला लागलं वर्षभर, तर दोन लाख चाळीस हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. त्यातही रेटिंग कपाटात ठेवलेल्या सोन्यासारखं टिकत नाही. ते ताजं ठेवायला मुदतीत पुन्हा सिम्युलेटरवर तपासणी द्यावी लागते आणि तिचेही पैसे लागतात. न उडवलेलं रेटिंग जितकं जुनं, तितकी कंपनी त्याच्याकडं शंकेनं बघते.

मग एवढं सगळं असून आई-बाप पैसे का भरतात? वर्षानुवर्षं माणसं समोर बसलेली पाहून माझं एक मत झालंय. ते नोकरीसाठी पैसे भरत नाहीत. घरातलं थांबणं संपावं म्हणून भरतात. तरणंताठं पोरगं घरी बसलेलं बघवत नाही. ते चिडचिडं होतं, आईशी बोलत नाही, लग्नाकार्याला येत नाही, कारण तिथं प्रत्येक जण तेच विचारतो. रेटिंगला निघालं की घराला दोन-तीन महिने उत्तर मिळतं, 'गुरुग्रामला ट्रेनिंग चालूय.' त्या दोन-तीन महिन्यांच्या मोकळ्या श्वासाची किंमत वीस लाख असते. आणि तेवढे महिने संपले की पोरगं पुन्हा घरी, फक्त आता डोक्यावर आणखी एक हप्ता. पोराच्या उदासीवर रेटिंग हा उपाय म्हणून वापरू नका. त्याला आज काम हवंय, माणसांत बसणं हवंय, हातात आठवड्याला थोडे का होईना स्वतः मिळवलेले पैसे हवेत.

थांबण्याच्या काळात करण्यासारखं पुष्कळ आहे. सगळ्यात आधी आहे ते जिवंत ठेवणं. क्लास वन मेडिकल दर वर्षी करावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर विमान चालवण्याची, तपासणीही वर्षाच्या आत. भरती निघते तेव्हा अर्जात हे चालू आहे का, ते विचारतात. रेटिंगच्या नादात सगळे पैसे संपवून बसलेल्या मुलाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंगच संपलेलं असतं, असंही घडतं. यासाठी वर्षाला दोन-तीन लाख बाजूला ठेवा. तो खर्च टाळता येण्यासारखा नाही.

दुसरं म्हणजे इन्स्ट्रक्टर होणं. सहायक उड्डाण प्रशिक्षकाचं रेटिंग टाइप रेटिंगच्या मानानं पुष्कळ स्वस्तात होतं. बारामती, गोंदियाजवळचं बिरसी, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर अशा ठिकाणी उड्डाणशाळा आहेत, अमरावतीत एअर इंडियाची मोठी अकादमी उभी राहते आहे. शाळा म्हटली की शिकवणारे लागतात. पगार फार नाही आणि सगळ्यांना जागा मिळेल असंही नाही. पण इथं तास वाढतात आणि ते तास कुठल्याही कंपनीत चालतात, कुठल्याही विमानाच्या नावाला बांधलेले नसतात. मुलं नाक मुरडतात, कारण इन्स्ट्रक्टर म्हटल्यावर गावात पायलटचा रुबाब वाटत नाही. तो रुबाब तुमच्या कौतुकातून आलाय, तो थोडा उतरवायचं कामही तुमचंच. पदवी अर्धी राहिली असेल तर ती पुरी करा. एटीपीएलच्या पेपरांचा अभ्यास सुरू करा.

मुलगी पायलट झाली असेल, तर या सगळ्यात आणखी एक गाठ असते. पायलटांत बायकांचं प्रमाण जगात जिथं बरंच जास्त आहे, त्या देशांत भारत आहे. आपल्या भागातल्या मुलीही आता या वाटेला लागल्या आहेत. पण घरात हिशेब असा होतो, की जे उरलेत ते एकतर रेटिंगला नाहीतर लग्नाला. 'सहा महिन्यांत लागली तर ठीक, नाहीतर स्थळं बघू.' या मुदतीच्या धाकानं मुलगीच मग रेटिंगचा आग्रह धरते. तिलाही ठाऊक असतं की पत्र हातात नाही. पण तेवढ्यापुरतं लग्न लांबतं. आग्रह तिचा दिसतो, मुदत मात्र तुमची असते. वीस लाख वाचवायचे असतील तर आधी ती मुदत मागं घ्या.

स्वतःच्या पैशानं, पत्राशिवाय, रेटिंग कधीच करू नये का? एका स्थितीत मी हरकत घेणार नाही. मुलाच्या परीक्षा चांगल्या गुणांनी पहिल्या-दुसऱ्या फेरीत सुटल्या आहेत, मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू आहे, एकाहून जास्त कंपन्या त्याच विमानाच्या रेटिंगवाल्या नवख्या मुलांना, तास न मागता, आज घेत आहेत, आणि हे वीस लाख पूर्ण बुडाले तरी घरातलं एकही कमावतं साधन विकावं लागणार नाही. या सगळ्या गोष्टी एकदम जुळत असतील तर करा. त्यातली शेवटची अट बहुतेक घरांत मोडते. धाराशिव, कळंब, उमरग्याच्या चार-सहा एकरवाल्या घरात ती मोडतेच. मुंबईच्या डॉक्टर दांपत्याचा मुलगा हाच जुगार खेळून हरला तर त्यांची एक सुटी रद्द होते. आपल्याकडं वावर जातं आणि गेलेलं वावर परत येत नाही. दोन्ही पोरं एकाच बॅचमध्ये, एकाच खोलीत राहिलेली असतात, म्हणून आपल्याला वाटतं, त्यानं केलं तर आपणही करावं.

पत्र आलं असेल तरी ते नीट वाचा. इंग्रजीत असतं म्हणून मुलाच्या भरवशावर सोडू नका, चांगल्या वकिलाकडून वाचून घ्या. त्यात कंपनीचं नाव, विमानाचं नाव, केंद्राचं नाव आहे का? रेटिंग पास झाल्यावर नेमणूक होईल असं लिहिलंय, की 'रिकाम्या जागांनुसार विचार करू' असं लिहिलंय? या दोन वाक्यांत वीस लाखांचा फरक आहे. बाँड किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर दंड किती, आणि कंपनीनं बोलावणं लांबवलं तर काय? खऱ्या विमानावरचं टेकऑफ-लँडिंग आणि परवान्यावरची नोंद कुणाच्या खर्चानं? केंद्र परदेशातलं असेल, स्वस्त पडतंय म्हणून, तर ते आणि तिथला सिम्युलेटर डीजीसीएला मान्य आहे का, हे केंद्राला नाही, डीजीसीएला विचारा. फी टप्प्याटप्प्यानं घेतात का आणि मधेच सोडलं तर परतावा किती, तेही लेखी घ्या. जो लेखी द्यायला का-कू करतो, त्याच्याकडं पैसे भरायचे नाहीत.

आणि एक माणूस तुम्हाला भेटेलच, नसेल भेटला तर फोन येईल. "एअरलाइनमध्ये आपली ओळख आहे, रेटिंग आमच्याकडं करा, प्लेसमेंट पक्की." कोणतीही विमान कंपनी अशा माणसामार्फत पायलट घेत नाही. भरती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघते आणि परीक्षा कंपनी स्वतः घेते. या माणसाला एकच विचारा, "तुमची पक्की प्लेसमेंट पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर द्याल का?"

भावकीला काय सांगायचं, हेही तुम्हाला सतावतं, मला ठाऊक आहे. सरळ सांगा, अर्ज केलेत, बोलावणं आलं की जाईल. यापुढं कुणाला खुलासा द्यायचा नाही. त्यांच्यापैकी कुणीही तुमचा हप्ता भरणार नाही.

या आठवड्यात मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आरडाओरडा न करता. कोणत्या कंपनीचं पत्र आहे आणि त्यात कोणत्या विमानाचं नाव आहे, एवढंच विचारा. उत्तर असेल तर पत्र घेऊन वकिलाकडं जा. नसेल, तर इन्स्ट्रक्टरच्या जागेसाठी बारामतीला अर्ज पाठवा आणि सातबारा पेटीतच राहू द्या.